उकळणारा दगड

विहीर खोदणाऱ्यांचं स्वतःचं एक भूगर्भशास्त्र असतं. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. १९८७ साली बँकेनं मला शेतीकर्जाचं काम पाहायला सिन्नर तालुक्यात धाडलं, तेव्हा हे शास्त्र मी कर्जाच्या हप्त्यांबरोबर शिकलो. इतके फूट खोदाई झाली की एक हप्ता, पाषाण लागला की सुरुंगाचे पैसे, असा तो हिशेब. मांजऱ्या लागला की शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर फारसा फरक पडत नसे, पण सुरुंगवाल्याचे डोळे चमकत. ह्या खडकात पोकळ्या असतात. एखादी पोकळी फुटली की आत गुलाबी, दुधी, हिरवट स्फटिकांचा असा काही पसारा दिसतो, की आपण विहिरीच्या तळाशी उभे आहोत हे माणूस क्षणभर विसरतो. शेतकरी पाण्याची वाट पाही, मजूर पोकळीची. सायंकाळी मोटारसायकलवरून कुणीतरी येई, गवत घातलेल्या पोत्यात दगड गुंडाळून नेई आणि मजुराच्या हातावर चहापाण्याचे पैसे ठेवी. ते दगड पुढं कुठं जातात, हे तेव्हा गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन गावी दर वर्षी दगडांची मोठी जत्रा भरते. तिथल्या टेबलांवरच्या चिठ्ठ्यांवर नाशिक, जळगाव, पुणे ही आपली नावं असतात.

तसं ह्या दगडांचं कौतुक जुनंच आहे. भोर घाटातून रेल्वे काढताना साहेबानं डोंगर फोडला, तेव्हा असेच स्फटिक बाहेर आले आणि त्यांतले कित्येक इंग्लंडच्या संग्रहालयांत जाऊन बसले. आता आपल्याकडेही सिन्नरला गारगोटी नावाचं संग्रहालय उभं आहे. मुलांना शिर्डीला नेता नेता वाट थोडी वाकडी करून तिथं जरूर न्यावं. मात्र काचेआडचे दगड पाहून मुलं ‘वा’ म्हणतात आणि पुढं सरकतात. दगड करतो काय, हे काचेआडून कळत नाही.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. भाकरी फुगावी तसे त्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे उठले आणि लाव्हा थिजला तेव्हा ते तसेच पोकळ राहून गेले. पुढं गरम पाणी त्या पोकळ्यांतून झिरपत राहिलं आणि जाता जाता खडकातून विरघळलेला ऐवज तिथं ठेवत गेलं. त्या ऐवजातून जे स्फटिक तयार झाले, त्यांतल्या एका मोठ्या कुळाचं नाव झिओलाइट. हे नाव ठेवलं स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेट ह्या खनिजतज्ज्ञानं, १७५६ साली. फुंकनळीच्या ज्योतीत एक खनिज धरलं, तर ते उकळल्यासारखं फसफसायला लागलं. ग्रीक भाषेत ‘झेओ’ म्हणजे उकळणं आणि ‘लिथोस’ म्हणजे दगड. उकळणारा दगड! मला हे नाव फार आवडतं. नाव ठेवणाऱ्यानं विद्वत्ता न दाखवता जे दिसलं तेच सांगितलं आहे.

हे सगळं मला कळलं ते माझ्या धाकट्या बहिणीकडून. ती त्याच तालुक्यातल्या एका गावी रसायनशास्त्र शिकवते. शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय आहे. दोन वर्षांनी ती निवृत्त होईल. प्रयोगशाळेच्या परिचराची जागा कधीची रिकामी आहे, तेव्हा तिची तरी भरली जाईल की नाही, कुणास ठाऊक. बारावीच्या वर्गात नावं आहेत साठ, पण मुलं दिसतात दहा-बारा. बाकीची नाशिकला क्लासमध्ये असतात, कारण प्रवेशपरीक्षेत परीक्षानळी येत नाही, पर्याय येतात. प्रात्यक्षिकाची वही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते आणि गुण मिळतात. अशी वर्षं काढल्यावर बहिणीनं आपला मोर्चा आठवी-नववीकडे वळवला. “ह्या मुलांना अजून कुणी बिघडवलेलं नाही,” असं तिचं म्हणणं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की दीड तास प्रयोगशाळा उघडी. यायचं त्यानं यावं. हजेरी नाही, गुण नाहीत.

नोव्हेंबर २०२५मध्ये दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी तिच्याकडे दोन आठवडे राहिलो, तेव्हाचे दोन शनिवार मी पाहिले. मुलं मला आजोबा म्हणत आणि बाकावर बसवून कामाला लावत. पहिलं काम, दगड कुटायचं.

ह्या दगडांपैकी स्टिल्बाइट हा आपल्याकडे उदंड. दिसायला मधोमध बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखा. चांगला, अखंड नमुना बहीण कधीच फोडू देत नाही. त्याचे दोन पैसे मुलाच्या घरी जावेत, असं तिला वाटतं. विहिरीच्या ढिगाऱ्यातला चुरा मात्र फुकट आणि भरपूर. तो बारीक करून कोरड्या परीक्षानळीत घालायचा, नळी आडवी धरायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर तळ तापवायचा. मिनिटभरात नळीच्या वरच्या थंड भागावर धुकं धरतं, मग थेंब, मग ओघळ. मुलं ओरडतात, “दगडातून पाणी!” खरोखरच स्टिल्बाइटच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाहून थोडं अधिक पाणी असतं आणि दगड हाताला अगदी कोरडा लागतो. मुलांनी वजन केलं. पाच ग्रॅमचे सव्वाचार झाले. एकानं हिशेब मांडून दाखवला, की पुस्तकापेक्षा थोडं पाणी कमी निघालं आहे. “मग पुस्तक चुकलं की आपण?” बहीण म्हणाली, “दिवा चुकला असेल. किंवा तुझ्या चुऱ्यात साधा दगडही आला असेल. शोधून काढ.” माझ्या शाळेत ह्या प्रश्नाला छडी मिळाली असती.

हे पाणी बसतं कुठं? मातीच्या माठालाही छिद्रं असतात, पण ती कशीही, कुठंही. स्फटिकातल्या पोकळ्यांचं तसं नसतं. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांनी मिळून चाळीसारखी एक इमारत बांधलेली असते. प्रत्येक खोली मोजून तेवढीच, प्रत्येक दार तेवढंच रुंद. बुटाच्या खोक्यात जी ‘खाऊ नका’ लिहिलेली पुडी निघते, तिच्यातलं सिलिका जेलही सच्छिद्र असतं, पण ते स्फटिक नव्हे. त्याच्या खोल्या झोपडपट्टीसारख्या वेड्यावाकड्या. बहिणीनं फळ्यावर दोन्ही काढून दाखवलं. चाळीत राहणारं त्या वर्गात कुणी नव्हतं, पण आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून आलेला एक मुलगा होता. त्यानं लगेच विचारलं, “बाई, दारातून मावणार नाही एवढा माणूस आला तर?” तो बाहेर राहतो. म्हणूनच ह्या पदार्थांना रेणूंची चाळण म्हणतात.

पण खोल्यांमध्ये आणखी कुणीतरी राहत असतं आणि इथं माझ्यातला बँकवाला जागा झाला. सिलिकॉनच्या नावावर चार धन भार, ॲल्युमिनियमच्या नावावर तीनच. म्हणजे जिथं जिथं ॲल्युमिनियम बसला, तिथं तिथं खात्यात एकाची तूट. निसर्ग ही तूट एक क्षणही चालवून घेत नाही. तो तिथं सोडियमचा एक आयन आणून बसवतो. कॅल्शियम आला तर त्याच्याकडे भार दोन, तेव्हा एक कॅल्शियम आत आणि दोन सोडियम बाहेर. जमा तितके नावे. मुलांना मी हे फळ्यावर खतावणीच्या दोन रकान्यांत मांडून दाखवलं, तर बहीण म्हणाली, “दादा, तीस वर्षं मी हे शिकवतेय, पण हे रकाने मला सुचले नव्हते.” बँकेत एवढी दाद मला कधी मिळाली नव्हती, हे जाता जाता सांगून ठेवतो.

ह्याच हिशेबावर घरातलं कपडे धुणं चालतं. आमच्या त्या गावचं पाणी जड. साबण फेसाळत नाही, बादलीच्या काठाला पांढरा थर बसतो. दोष कॅल्शियमचा. कपडे धुण्याच्या पावडरीत पूर्वी फॉस्फेट घालत. ते नदी-तळ्यांत जाऊन शेवाळ माजवतं, म्हणून अनेक ठिकाणी त्याच्याऐवजी कारखान्यात बनवलेला झिओलाइट घालू लागले. तो कॅल्शियम ओढून घेतो आणि सोडियम सोडतो. मुलांनी विहिरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. एकीत झिओलाइटचे मणी टाकून रात्रभर ठेवले, दुसरी तशीच. दुसऱ्या दिवशी दोन्हींत साबणाचं पाणी थेंब थेंब टाकत हलवायचं आणि टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते मोजायचं. साध्या बाटलीला एकोणीस, मण्यांच्या बाटलीला सहा. एका मुलीनं सांगितलं, “आईला सांगते, साबण कमी लागेल.” बहिणीनं तिला आठवण दिली, की मण्यांची जागा भरली की काम थांबतं, मग मिठाच्या पाण्यात ठेवून कॅल्शियम बाहेर काढायचा. पाणी मऊ करायच्या यंत्रात मिठाच्या गोण्या लागतात, त्या त्यासाठीच. (यंत्रात आता बहुधा राळेचे मणी असतात, पण वागणूक तीच.)

हे मणी कुठून आले, त्याची हकिगत सांगायला हवी. २०२१च्या उन्हाळ्यात ऑक्सिजनसाठी काय धावाधाव झाली ती कुठल्या घराला सांगायला नको. त्या वेळी गावोगाव देणगीतून ऑक्सिजन काढणारी यंत्रं आली. ह्या यंत्रात सिलिंडर नसतो. आजूबाजूच्याच हवेतला ७८ टक्के नायट्रोजन ते अडवतं आणि २१ टक्के असलेला ऑक्सिजन नव्वदच्या पुढं नेऊन देतं. अडवण्याचं काम करतात झिओलाइटचे मणी. आत दोन नळकांडी असतात. एकात हवा दाबानं भरली की मणी नायट्रोजन धरून ठेवतात. दाब काढला की सोडून देतात. तोवर दुसरं नळकांडं कामाला लागतं. इथं चाळणीचा दृष्टांत पुरत नाही, हे बहिणीनं मुलांना बजावून सांगितलं. नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघंही दारातून सहज मावतात. पण नायट्रोजनच्या रेणूत विजेच्या भाराची वाटणी अधिक असमान असते, म्हणून खोलीतले ते धन आयन त्याला जास्त ओढून धरतात. दार रुंदीचं नव्हे, ओढीचं.

साथ ओसरल्यावर गावचं यंत्र ग्रामपंचायतीच्या खोलीत झाकून ठेवलं गेलं. ह्या मण्यांना सगळ्यांत प्रिय काय असेल तर पाणी. यंत्र वापराविना पडलं की हवेतला ओलावा हळूहळू आत शिरतो आणि खोल्या पाण्यानं भरतात. मग नायट्रोजनला जागा उरत नाही. तीन-चार पावसाळ्यांनंतर यंत्र चालू केलं, तर तांबडा दिवा लागला. भंगारात जायचं ते बहिणीनं रीतसर अर्ज देऊन शाळेत आणलं. नळकांडं उघडायचं काम फ्रीज दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून करून घेतलं, कारण आत दाबून बसवलेली स्प्रिंग असते. ते मुलांचं काम नव्हे. मण्यांची धूळही नाकातोंडात जाऊ द्यायची नाही. मुलांनी मणी लोखंडी कढईत बराच वेळ भाजले, गरम असतानाच बरणीत भरून झाकण लावलं आणि थंड होऊ दिले. शेजारी दुसऱ्या बरणीत तशीच भाजलेली, तशीच निववलेली वाळू.

दुसऱ्या शनिवारचा प्रयोग तो. दोन पेले, दोन थर्मामीटर. वाळूवर पाणी घातलं, काही नाही. मण्यांवर पाणी घातलं आणि पेला फसफसायला लागला. पाऱ्यानं चोविसावरून निघून पन्नाशी ओलांडली. चूल नाही, दिवा नाही. पाणी खोल्यांत शिरताना उष्णता सोडतं आणि आत बसलेल्या हवेला हुसकून लावतं. ते बुडबुडे त्या हवेचे. क्रोनस्टेटच्या प्रयोगात पाणी बाहेर पडत होतं, ह्याच्यात आत शिरत होतं. मुलं आळीपाळीनं पेल्याला हात लावून पाहत होती.

तेवढ्यात नववीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, आमच्या आबांना ह्याच मशीनवर ठेवलं होतं.”

खोली गप्प झाली. मागून कुणीतरी विचारलं, “मग?”

“अकरा दिवस होते. मग नाशिकला नेलं.” एवढं बोलून ती थांबली. पुढचं गावाला माहीत होतं. मग तिनं जे विचारलं, त्यासाठी ती बहुधा पहिल्या शनिवारपासून येत होती. “बाई, ओलावा शिरला की मशीन नुसतीच हवा देतं ना? मग तेव्हा मणी कोरडे होते का?”

मी बहिणीकडे पाहिलं. पोरीच्या जिवाला बरं वाटावं म्हणून आपण कुणीही पटकन ‘हो’ म्हटलं असतं. बहिणीनं तसं केलं नाही. म्हणाली, “मी तेव्हा तिथं नव्हते. आपण शोधू या.” यंत्राची रिकामी पेटी कोपऱ्यात होती. ती तिनं पुढं ओढली. किती तास चाललं ते दाखवणारा आकडा त्याच्यावर असतो. पेटीवर कारखान्याची तारीख होती, मार्च २०२१. म्हणजे आबांपाशी आलं तेव्हा यंत्र नवंकोरं. कारखान्यातून मणी कोरडे करून, बंद करूनच येतात. “आणि हा दिवा बघ. आतला ऑक्सिजन कमी पडला की हा तांबडा किंवा पिवळा होतो. एरवी हिरवा.”

“हिरवा होता,” ती मुलगी म्हणाली. “आजीला झोप लागली तर बघायला म्हणून मला बसवायचे. मी बघत होते. हिरवाच होता.”

“मग कोरडे होते,” बहीण म्हणाली.

मुलीनं मान हलवली आणि थर्मामीटरचा पुढचा आकडा वहीत लिहिला. तेव्हा ती दहा वर्षांची असणार. त्या दिव्याचा अर्थ तिला कुणी सांगितला नसेल, तरी तिनं रंग लक्षात ठेवला होता.

नंतर घरी जेवताना आम्ही ह्यावर फार बोललो नाही. बहीण दुसऱ्याच विषयाकडे वळली. त्या वर्षीच्या, म्हणजे २०२५च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकानं ती भलतीच खूश होती. ते मिळालं सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना, धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या सच्छिद्र स्फटिकांसाठी. झिओलाइटची इमारत निसर्गाच्या नकाशाप्रमाणे; इथं नकाशा आपला. धातूचे आयन म्हणजे कोपरे, सेंद्रिय रेणू म्हणजे तुळया. पाहिजे तेवढी लांब तुळई घ्या, खोली तेवढी मोठी. याघींनी १९९९मध्ये केलेल्या अशा एका पदार्थाच्या काही ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग असतो म्हणतात. वाळवंटातल्या रात्रीच्या हवेतून पाणी शोषून सकाळच्या उन्हात ते परत मिळवण्याचा प्रयोगही त्यांच्या गटानं ॲरिझोनात केला. टूसॉनची जत्रा भरते, त्याच राज्यात.

पण बहिणीच्या आनंदाचं कारण निराळं होतं. रॉबसन यांना ही कल्पना सुचली ती शिकवण्याच्या तयारीत. १९७४ साल, मेलबर्न विद्यापीठ. विद्यार्थ्यांना रेणूंची रचना दाखवायला लाकडी गोळे आणि काड्या हव्या होत्या. गोळ्यांना भोकं कुठं पाडायची, हे त्यांनी कार्यशाळेतल्या सुताराला आखून दिलं. गोळे तयार होऊन आले आणि जोडायला घेतले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की रेणूचा सगळा आकार त्या भोकांच्या जागांमध्येच आधी लिहून ठेवलेला आहे. मग खऱ्या अणूंच्या अंगी जी दिशा असते, तिचा उपयोग करून मोठी चौकट का उभारू नये? दहा वर्षांहून अधिक काळ हा विचार त्यांनी मनातच ठेवला आणि मग तो करून पाहिला. पहिला मोठा निबंध आला १९८९मध्ये. “बघ दादा, फळ्यापाशी उभं राहून,” बहीण म्हणाली, “आणि इथं आमच्याकडे प्रयोगशाळेची खोली डिजिटल वर्गाला द्या म्हणून दोनदा सुचवून झालंय.” खोली अजून गेलेली नाही. तिच्यामागं जाईल, असं तिला वाटतं. तिचं वाटणं सहसा चुकत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात पॉल रत्नसामी यांच्या गटानं बनवलेले झिओलाइट उत्प्रेरक कारखान्यांपर्यंत पोचले, हेही ती वर्गात आवर्जून सांगते. नाही तर मुलांना वाटतं, दगड आपले आणि डोकं परदेशातलं.

आता तिला मुलांकडून ही नवी चौकट करून घ्यायची आहे. तांब्याचं एक क्षार, ट्रायमेसिक ॲसिड नावाचं तीन हातांचं आम्ल, आणि स्पिरिट. दोन द्रावणं एकत्र ओतली की निळसर गाळ बसतो. गाळायचा, धुवायचा, वाळवायचा. ह्या निळ्या पुडीची गंमत अशी, की ती चांगली तापवली की खोल्यांतलं आणि तांब्याला चिकटलेलं पाणी निघून जातं आणि रंग गडद जांभळट निळा होतो. उघडी ठेवली की हवेतला ओलावा पिऊन पुन्हा फिकी. तराजू नको, थर्मामीटर नको. रंगच सांगतो, आत पाणी आहे की नाही. हातमोजे मात्र हवेत, तांब्याचे क्षार पोटात जाऊन उपयोगाचे नाहीत आणि स्पिरिटजवळ दिवा नको. फार दिवस दमट हवेत राहिली तर ही चौकट कुजते. ते बरंच आहे, असं बहीण म्हणते. जूनमध्ये एक बाटली उघडी ठेवायची आणि पावसाळाभर दर शनिवारी तापवून बघायची, किती शनिवार टिकते ते.

ह्या प्रयोगाची वही कोण ठेवणार, हेही ठरलं आहे. हिरवा दिवा लक्षात ठेवणारी ती मुलगी.

मी निघालो तेव्हा एस. टी. स्टँडवर बहिणीनं माझ्या हातात चिठ्ठी दिली. पुण्याच्या दुकानातून ट्रायमेसिक ॲसिडची लहानात लहान बाटली आणायची. “बिल तुझ्या नावावर घे,” ती म्हणाली. “शाळेच्या नावावर घेतलंस तर तीन कोटेशनं मागतील आणि तोवर पाऊस संपेल.”